मेलेल्या मावशीचा नकार

त्रान्सितो मावशी वारल्याचं मला कळलं तेव्हा ती माझ्या शेजारीच बसून कोंबडीची पिसं उपटत होती. तिची नात यहाइरा फोन घेऊन परसात आली आणि म्हणाली, "आजी, तू मेलीयेस."

"कधी?" मावशीने विचारलं. हात थांबवला नाही.

"बहात्तर साली. भूकंपात."

"बरं." मावशीने एक पंख ओढून काढला. "पाणी उकळतंय का बघ."

मी फोन हातात घेतला. 'जुन्या मानाग्वातले आम्ही शेजारी' असा कुठलासा फेसबुकवरचा ग्रुप. त्यावर मावशीचा फोटो. ठिपक्याठिपक्यांचा फ्रॉक, डोळे उन्हाने बारीक, वय वीस-एकवीस. फोटोच्या दोन बाजूंना दोन मेणबत्त्या. त्याही जळणाऱ्या, म्हणजे ज्योत हलत होती. खाली मजकूर होता, आणि लिहिणारा कुणी एवेनोर बाल्मासेदा, मुक्काम मायामी. मी मोठ्याने वाचला: "माझी होणारी बायको त्रान्सितो. तिने मला होकार दिला आणि त्याच रात्री भूकंपाने तिला नेलं. मी दुसरी केली नाही."

मावशीच्या हातातली कोंबडी खाली पडली.

"काय दिला?"

"होकार."

मेली म्हटलं ते बाईने पचवलं होतं. होकार दिला म्हटल्यावर तिचे कान लाल झाले. खाली चारशे बारा लोकांनी हात जोडले होते. माझ्या आयुष्यात चारशे बारा लोकांनी एका गोष्टीवर एकमत केलेलं मी पाहिलेलं नाही. आमच्या सोमोतोत तिघांचं एकमत होत नाही पाणी कुठल्या वाराला येतं यावर. पण मायामीतला एक म्हातारा म्हणतो बाई मेली, आणि चारशे बारा माणसं हात जोडून मोकळी. एकानेही विचारलं नाही की बाबा, नक्की ना?

खरी गोष्ट अशी. मावशी तेव्हा राजधानीत, मानाग्वात, सेराफीन नावाच्या औषधाच्या दुकानात काउंटरला होती. समोर रेडिओ दुरुस्तीचं दुकान, तिथे हा एवेनोर. बावीस डिसेंबरच्या संध्याकाळी तो डोकेदुखीची गोळी घ्यायला आला आणि गोळीबरोबर लग्नाचंही विचारलं. मावशी म्हणाली, उद्या सांगते. त्या रात्री साडेबाराला शहर कोसळलं. घरच्यांनी तिला एका ट्रकच्या टपावर बसवून उत्तरेला, इकडे सोमोतोला आणलं. पुढे लिसांद्रो काकांशी लग्न, पाच मुलं, काकांचं मरण, सगळं रीतसर झालं.

"आणि तू काय सांगणार होतीस?" मी विचारलं.

"नाही सांगणार होते."

"मग तिथल्या तिथे का नाही सांगितलंस?"

"गिऱ्हाइकं उभी होती समोर. चारचौघांत माणसाला नाही म्हणतात होय?"

यहाइराने लगेच खाली कमेंट लिहिली: "मी त्रान्सितो. मी जिवंत आहे आणि मी हो म्हणाले नव्हते." पाच मिनिटांत अकरा जणांनी तिला शिव्या घातल्या. मेलेल्यांची थट्टा करता, लाज नाही वाटत. देव बघून घेईल. सहाव्या मिनिटाला यहाइराला ग्रुपमधून हाकललं. मेल्याचा दाखला कुणी मागत नाही, जिवंत असल्याचा मात्र लागतो. या यंत्राची अक्कल एवढीच. यंत्राचं तरी काय म्हणा, आत माणसंच बसलीत.

मग मी माझ्या फोनवरून ग्रुपमध्ये शिरलो आणि कळलं की एवेनोर सध्या मानाग्वातच आहे. भाचीकडे उतरलेला, शनिवारी दुपारी बाराला विमानतळाकडे निघणार. जुन्या शेजाऱ्यांनी भेटायला यावं म्हणून भाचीने पत्ताही टाकला होता: सेराफीन औषधालय होतं तिथून दोन चौक वर, एक चौक तळ्याकडे, निळं फाटक.

"फोन लावू का?" यहाइरा म्हणाली. "व्हिडिओ कॉल कर, तोंडावर सांग."

"ते तोंड नव्हे, ती काच," मावशी म्हणाली. "लग्नाला नाही म्हणायचं तर समोर जाऊन म्हणतात. एलिगियो, शनिवारची पहाटेची बस."

एलिगियो म्हणजे मी. माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे आणि शनिवारी गर्दी असते, पण मावशीला ते सांगण्यात अर्थ नव्हता. शनिवारी पहाटे ती स्टँडवर आली तेव्हा डोक्याला रुमाल, ओठांना लाली आणि हातात भट्टीवरून आणलेल्या रोस्कियांची, म्हणजे मक्याच्या कडक बिस्किटांची, दोन किलोची पिशवी.

"या कशाला? त्याला नाही म्हणायला चाललीयेस ना?"

"मग काय रिकाम्या हाताने नाही म्हणू?"

बसमध्ये आमच्या पुढच्याच्या फोनवर एक पाद्री ओरडत होता. त्याच्या पुढच्याच्या फोनवर कोंबड्यांची झुंज. पलीकडे एक बाई मालिका बघून रडत होती आणि तिची पोरगी तिसऱ्याच फोनवर तिसऱ्याच कशाला तरी हसत होती. सगळ्यांचे आवाज मोठे. कानात घालायची ती बोंडं देवाने कशासाठी निर्माण केली असा प्रश्न कुणालाच पडलेला नव्हता. कोंबडी मेली की पाद्री "आलेलुया" म्हणायचा. मी काही जुन्या बसचे गोडवे गाणाऱ्यांतला नाही. जुन्या बसमध्ये लोक खिडकीतून थुंकायचे, वाऱ्याने ते मागच्याच्या तोंडावर यायचं आणि मागे नेहमी मी असायचो. आता निदान थुंकायला कुणाला वेळ नाही.

एस्तेलीला तो मलमवाला चढला. मी पोरगा असल्यापासून तो या बसला येतो. सांधेदुखी, पोटातले जंत, नवऱ्याचं बाहेरचं लफडं, सगळ्याला एकच मलम. आता त्याच्या गळ्यात एक पाटी लटकते, त्यावर ते काळंपांढरं चौकोनी जाळं. फोन दाखवा, मलमाची माहिती बघा.

"तूच सांग की," मावशी म्हणाली.

"आजी, आता मी सांगत नाही. सगळं यात आहे."

"मग तू कशाला चढलास? पाटी पाठवायची."

मलमवाल्याने पाटी पाठीवर टाकली. मग त्याने घसा साफ केला आणि जुनं सगळं भाषण पहिल्यापासून म्हटलं, जंतांच्या लांबीसकट. मावशीने एक डबी घेतली.

सव्वानऊला मानाग्वाच्या स्टँडवर उतरलो. एक टॅक्सीवाला दारातच आडवा आला. याडेर नाव, पंचविशीतला, मानेवर केसांची शेपटी. त्याच्या काचेला फोन चिकटवलेला, फोनशेजारी संत दोमिंगोचं स्टिकर. दोघांपैकी तो कुणावर जास्त विसंबतो ते लगेच कळलं.

"सेराफीन औषधालय होतं तिथून दोन चौक वर, एक चौक तळ्याकडे," मावशी म्हणाली.

आमच्याकडे हा पत्ता सरळ आहे. सूर्य उगवतो ते वर, मावळतो ते खाली, तळं आहे ते तळ्याकडे. आणि सुरुवात कुठून करायची, तर जे पूर्वी होतं तिथून. आता जे आहे त्याचा काय भरवसा. उद्या पाडतील.

याडेरने फोनला सांगितलं, "सेराफीन." फोनमधली बाई म्हणाली, "मार्ग काढत आहे." आवाज स्पेनमधल्या बाईचा. अशी ठसक्यात बोलत होती की जणू आम्ही तिचं भाडं थकवलंय.

निघालो. पहिल्याच सिग्नलला ती बाई म्हणाली, "पुढे त्रान्सितो जड आहे."

मावशीने मान वर केली.

आता त्रान्सितो हे मावशीचं नाव, आणि आमच्या भाषेत रहदारीलाही त्रान्सितोच म्हणतात. हे मला कळत होतं, याडेरला कळत होतं. मावशीलाही एरवी कळलं असतं. पण ती चार तास बसमध्ये वळवळत आली होती आणि तिचा फ्रॉक गेल्या नाताळापासून घट्ट व्हायला लागला होता.

"कोण जड आहे?"

"रहदारी, मावशी."

"त्रान्सितो अतिशय हळू चालते आहे," फोनमधली बाई म्हणाली.

"गुडघे आहेत बये माझे," मावशी फोनला म्हणाली. "तुला आहेत का गुडघे?"

"त्रान्सितोला टाळण्यासाठी उजवीकडे वळा."

"बघितलंस? टाळतेय मला. पोरा, हिला बंद कर."

"आज्जी, ती बंद केली तर मला रस्ता कसा कळणार?"

"तू या गावचा ना?"

"आहे की. पण बघतो कोण आता रस्त्याकडे?"

हा त्याचा धंदा. टॅक्सी चालवणं. मी दुकानात शिलाई मशीन उघडतो तेव्हा एखाद्या फोनला विचारून उघडतो का? पण मी गप्प बसलो, कारण स्टिअरिंग त्याच्या हातात होतं आणि तोही तेवढा बघत नव्हता.

बाईने आम्हाला वीस मिनिटं फिरवून एका पिवळ्या इमारतीसमोर आणलं. "तुम्ही इच्छित स्थळी पोहोचला आहात." पाटी होती: 'सेराफीन. आपल्या लाडक्यांचा डॉक्टर.' आत बाकावर चार कुत्री, एक पोपट आणि एक बकरी नंबर लावून बसलेले. मावशी खाली उतरून आत गेली. मला वाटलं भांडायला गेली. ती काउंटरवरच्या पोरीला विचारून आली की सेराफीन औषधालयाशी तुमचं काही नातं का. पोरगी म्हणाली, सेराफीन आमच्या डॉक्टरांच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव.

पावणेदहा वाजले होते. सव्वादोन तास हातात.

मग आम्ही ते केलं जे पहिल्यांदाच करायला हवं होतं. फोन उलटा ठेवला आणि माणसांना विचारलं. कोपऱ्यावर एक बाई कढईत केळ्याचे काप तळत होती आणि तिच्या शेजारी स्टुलावर एक लॉटरीची तिकिटं विकणारा म्हातारा होता.

"सेराफीन?" तळणारी म्हणाली. "पूर्वेच्या बाजारामागे होतं ते. माझ्या आईचं इन्सुलिन तिथूनच यायचं. बंद पडून पंधरा वर्षं झाली."

"काहीतरी सांगू नकोस," म्हातारा म्हणाला. "सेराफीन जुन्या गावात, मोठ्या घड्याळाच्या गल्लीत. भूकंपात पडलं."

"पडलं म्हणून तर बाजारामागे आलं."

"बाजारामागे आलं ते सेराफीन नव्हे. ते सेराफीनचा जावई."

"पाटी सेराफीनचीच होती की."

"पाटी काय, मीही लावीन. मग मी औषधालय होईन काय?"

"तुम्ही फुकट बसता ते स्टूल माझं आहे, एवढं लक्षात ठेवा म्हणजे झालं."

तर मुद्दा असा की सेराफीन दोनदा 'होतं'. एकदा भूकंपापूर्वी इथे, एकदा भूकंपानंतर तिथे. आता दोन्हीकडे नाही. आणि 'जिथे सेराफीन होतं' म्हणताना भाचीच्या मनात कुठलं सेराफीन होतं, हे एकट्या भाचीला माहीत.

"बाजारामागचंच असणार," याडेर म्हणाला. "भाची म्हणजे आताची."

"मी तिथे चार वर्षं काउंटरला उभी होते," मावशी म्हणाली. "सेराफीन म्हटलं की मला बाजार दिसत नाही. मला तो काउंटर दिसतो. जुन्या गावात घे."

"आज्जी, जुन्या गावात आता घरं कुठायत? गवत आहे."

"एलिगियो, तू सांग."

मी मावशीच्या बाजूने बोललो. खरं म्हणजे मलाही तो पोरगाच बरोबर वाटत होता. पण मावशीशी वाद घालायचा तर त्याला दोन तास पुरत नाहीत.

जुनं गाव म्हणजे आमच्या राजधानीच्या पोटात पडलेलं भगदाड. भूकंपाने पाडलं आणि नंतर कुणी नीट बांधलंच नाही. किती पैसे आले, कुठे गेले, कुणाच्या घराला मजले चढले, ते सगळ्यांना माहीत आहे. गवत उगवायला पैसे लागत नाहीत म्हणून गवत तेवढं वेळेवर आलं. मावशी एका कोपऱ्यावर उतरली. तिथे एक मोडका खांब होता. तिने खांबाला हात लावला आणि म्हणाली, "हा दरवाजा. आता दोन चौक वर."

आणि ती गवतातून चालायला लागली. मी मागे. याडेर गाडी घेऊन रस्त्यावरून कडेकडेने.

चाळीसेक पावलं गेल्यावर ती थांबली आणि काटकोनात वळली.

"सरळच जाऊ ना," मी म्हटलं. "मोकळंच आहे."

"इथून कसं जाशील? बेकरीची भिंत आहे."

तिथे काही नव्हतं. एक टायर होता आणि एक सरडा. मावशी भिंतीला वळसा घालून आली. पुढे एका ठिकाणी ती जरा बाजूला झाली, कारण तिथे म्हणे गटार उघडं असायचं. मीही बाजूला झालो. काय करणार? पुढे तिने एका खिडकीकडे बघून मान हलवली आणि म्हणाली, "ही पेत्रोनाबाई, नजर वाईट हिची." याडेर गाडीतून बघत होता. त्याचा फोन काचेवर गप्प होता. फोनमधल्या बाईला इथलं एकही घर माहीत नव्हतं.

दुसरा चौक संपला, ती तळ्याकडे वळली, आणखी एक चौक, म्हणजे एक खूप मोठं आंब्याचं झाड आणि त्याला बांधलेली एक पांढरी घोडी. घोडीच्या पलीकडे हॅट घातलेला एक म्हातारा उभा होता. ताजी दाढी केलेला, एका गालावर कापसाचा तुकडा, हातात फोन. फोन तोंडासमोर धरून तो म्हणत होता, "निळं फाटक कुठाय? मी विचारतोय, निळं फाटक कुठाय?"

मावशी थांबली. रुमाल नीट केला.

"एवेनोर."

म्हाताऱ्याने वर पाहिलं. हॅट काढली. छातीवर क्रूस काढला. मग परत एकदा काढला, बहुधा पहिला नीट झाला नाही म्हणून.

"त्रान्सितो? पण तू तर..."

"मेले. वाचलंय मी."

"इथे काय करतेस?" आणि मग घाबरून, "इथेच असतेस का?"

"सोमोतोला असते. तू इथे काय करतोस?"

"भाचीच्या घरी चाललोय. सकाळी दाढीला म्हणून बाहेर पडलो, येताना टॅक्सीवाल्याला सांगितलं सेराफीनपासून दोन वर, एक तळ्याकडे. त्याने खांबाशी सोडलं. माझ्यासारखाच म्हातारा होता. एक तास झाला फिरतोय. घरच नाही."

म्हणजे अख्ख्या मानाग्वात सेराफीन म्हटल्यावर बाजारामागचं दुकान न आठवणारी माणसं चारच उरली होती. एक लॉटरीची तिकिटं विकत होता, एक टॅक्सी चालवत होता आणि दोन या घोडीपाशी येऊन चुकली होती. मावशीला हे कळलं तेव्हा ती हसली. एवेनोरला कळायला वेळ लागला, पण तोही हसला. मग मावशीने हसणं आवरलं. ज्या कामाला आलो ते काम.

"तुला उत्तर द्यायला आलेय," ती म्हणाली.

"कशाचं?"

"लग्नाचं विचारलं होतंस. बावीस डिसेंबरला. डोकेदुखीच्या गोळीबरोबर."

एवेनोर ताठ उभा राहिला. फोन खाली केला. घोडीनेसुद्धा चरणं थांबवलं होतं, हे मी वाढवून सांगत नाही.

"नाही," मावशी म्हणाली.

"वळतो," एवेनोर म्हणाला.

"काय?"

"मागे वळतो म्हटलं."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

"एवेनोर, माझं उत्तर नाही असं आहे."

"दोनशे मीटर? दोनशे मीटरवर तर ही बाई झुडपात घालतेय मला."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्याच्या कानात ते ऐकायचं यंत्र होतं. मायामीतलं, नवीन, फोनशी जोडलेलं. नकाशातली बाई थेट त्याच्या कानात बोलत होती. बावन्न वर्षं थांबून आणि चार तास बसचे धक्के खाऊन माझी मावशी जे सांगायला आली होती, त्याच्यावर ती स्पेनची बाई रस्ता सांगत होती. एकाच्या डोक्यात दोन बायका बोलल्या तर जी कानाच्या आत आहे ती जिंकते. हा यांचा शोध. बहिऱ्याला ऐकू यावं म्हणून यंत्र केलं आणि त्यात समोरच्या माणसाखेरीज सगळं ऐकू येण्याची सोय केली.

मावशी दोन पावलं पुढे गेली आणि तिने ते यंत्र त्याच्या कानातून उपटलं. कोंबडीचं पीस उपटते तसं. मग कानाला तोंड लावून म्हणाली, "नाही."

एवढ्या जोरात की रस्त्यावर याडेरने गाडी बंद केली.

एवेनोरने कान चोळला. मला वाटलं रडेल. त्याने हॅट डोक्यावर घातली, मग परत काढली.

"मी सकाळी सहाला आलो होतो," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी. तू उद्या म्हणाली होतीस म्हणून. दरवाजाच नव्हता."

"माहितीये," मावशी म्हणाली. आवाज जरा खाली आला. "मी तेव्हा ट्रकवर होते."

"नाहीच ना?"

"नाहीच."

"का पण?"

"तू शिट्टी वाजवायचास. दिवसभर. एकच गाणं."

एवेनोरने मान हलवली. हे त्याला पटल्यासारखं दिसलं.

"आणि 'मी दुसरी केली नाही' म्हणून लिहिलंस," मावशी म्हणाली, "खरं का ते?"

"केली."

"एक?"

"दोन. लिहिताना माणूस थोडा इकडेतिकडे करतो, त्रान्सितो. सगळेच करतात."

अकरा वाजून गेले होते. त्याला भाचीच्या घरी न्यायला हवं होतं. आम्ही त्याला टॅक्सीत मावशीच्या शेजारी बसवलं, मी पुढे. याडेरने कुणालाही न विचारता गाडी बाजारामागे घेतली, आणि हेही बोलून दाखवलं नाही की मी सांगितलं होतं. पोरगा वाईट नव्हता.

"आता ते काढून टाक," मावशी म्हणाली. "मी मेले, मी हो म्हटलं, सगळं."

एवेनोर हॅटची कडा फिरवायला लागला.

"काय झालं?"

"त्रान्सितो, एक अडचण आहे." त्याने हॅट गुडघ्यावर ठेवली. "आमच्याकडे मायामीत म्हाताऱ्यांचा क्लब आहे. मी हे लिहिल्यापासून बायका डबे आणतात. बुधवारी एक क्यूबाची, काळे राजमे आणि भात. शुक्रवारी एक आपल्याकडचीच, नाकातामाल आणते. तू जिवंत निघालीस तर म्हणतील, जा मग, तिच्याकडे जेव."

"मला मारून जेवतोस?"

"तुला काय होतं त्यात?"

मला वाटलं आता ती त्याला गाडीतून ढकलते. पण मावशी विचार करत होती.

"नाकातामाल बरे होतात का तिचे?"

"पीठ कच्चं राहतं. पण पानात गुंडाळून, गरम असतात."

"एकटा असतोस?"

"दुसरी गेली तेव्हापासून."

मावशी बाहेर बघत राहिली. दोन चौक गेले.

"मेलेली राहते," ती म्हणाली. "त्याचं काही नाही. माझ्या ओळखीचं तिथे कोण आहे? पण होकार काढ. माझ्या नावावर नसलेला होकार मी ठेवणार नाही. लिही: त्रान्सितोने मला नाही म्हटलं, आणि मग ती वारली."

"'आणि मग' लिहिलं तर असं वाटतं की नाही म्हटल्यामुळे वारलीस."

"वाटू दे."

त्याच्या फोनची बॅटरी चार टक्के होती आणि बोटं भलत्याच अक्षरांवर पडत होती. त्याने "नाही" लिहिलं की फोन ते बदलून "नातू" करत होता. माझ्यासारख्या शाळा अर्धवट सोडलेल्याला शुद्धलेखन शिकवणारी माणसं कमी होती म्हणून आता फोनही शिकवतो. "त्रान्सितोने मला नातू म्हटलं आणि मग ती वारली" हे मी वेळेवर पाहिलं म्हणून बरं. शेवटी याडेरने एका सिग्नलला फोन घेतला आणि अंगठ्याने दोन सेकंदांत लिहून टाकलं. मावशीने त्याच्याकडून तीनदा वाचून घेतलं.

निळ्या फाटकाशी भाची सूटकेस घेऊन उभी होती आणि ओरडत होती. बाराला पाच कमी. एवेनोर उतरला. भाचीने मावशीकडे पाहिलं, "ह्या कोण?"

एवेनोरने मावशीकडे बघितलं. "या... रस्त्यात भेटल्या. सोमोतोच्या."

मावशीने रोस्कियांची पिशवी पुढे केली. "दात आहेत ना अजून?"

"वरचे आहेत."

"मग कॉफीत बुडवून खा."

त्याने पिशवी छातीशी धरली. कानात ते यंत्र परत घातलं नाही, खिशात ठेवलं, आणि भाचीच्या गाडीत बसला. मावशी फाटकाशी उभी राहिली, गाडी वळेपर्यंत. मग मला म्हणाली, "चल. दोनची बस मिळेल."

परतीच्या बसमध्ये पाद्री नव्हता, पण कोंबड्या होत्या. ग्रुपमधून यहाइराला हाकललं होतं, मला नव्हतं, म्हणून मी फोन उघडला. दोन तासांत चारशे बाराचे नऊशे झाले होते. आधी नुसती बायको मेलेला माणूस होता, आता नकार मिळालेला आणि वर तीही मेलेली. लोकांना दुःख दुप्पट मिळालं. क्यूबाच्या बाईने लिहिलं होतं की या बुधवारी ती दोन डबे आणणार. मी मावशीला वाचून दाखवलं. ती खूश होती. "बरोबर आहे आता," म्हणाली, पाय समोरच्या सीटखाली पसरले, त्या मलमाची डबी उघडली आणि गुडघ्यांना चोळायला लागली.

मग मी पुढचं वाचलं. वाचायला नको होतं. टँपाची कुणी एक बाई लिहीत होती: "इतक्या चांगल्या माणसाला नाही म्हणणारी बाई घमेंडखोरच असणार. दिसायलाही काही खास नव्हती."

मावशीचा हात गुडघ्यावर थांबला.

"लिही," ती म्हणाली. "एलिगियो, लिही तिला."

"काय लिहू? तू मेलीयेस."

"मग तू लिही."

"मी कोण म्हणून लिहू? मेलेल्या बाईचा भाचा बहात्तर साली जन्मलाही नव्हता."

मावशीने तोंड मिटलं. सेबाको गाव येईपर्यंत मिटलेलं राहिलं. बाहेर रस्त्याच्या कडेने कांद्याच्या जुड्या टांगलेल्या होत्या, एक विकणारी खिडकीशी आली, मावशीने तिला उत्तर दिलं नाही. सेबाको सुटलं आणि मग तिला राहवेना. टँपाच्या त्या बाईला तिने तिथून एस्तेलीपर्यंत सुनावलं. मोठ्याने, समोर बघून, हातवारे करून. ठिपक्यांचा फ्रॉक कुणी शिवला होता, तो घालून गल्लीतून गेलं की रेडिओवाले किती रेडिओ पाडायचे, घमेंड कशाला म्हणतात आणि तिला टँपात काय म्हणतात, सगळं.

पलीकडच्या सीटवरचा माणूस बराच वेळ बघत होता. शेवटी माझ्याकडे झुकून म्हणाला, "काका, आजी कुणाशी बोलतायत?"

"चालू द्या," मी म्हटलं. "लाइव्ह आहे."

त्याने लगेच केसांवरून हात फिरवला आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.